सायकलवर बसताना काय नेसावे?

पुण्याहून सोलापूरकडे निघालो आणि भिगवण मागे पडले, की डाव्या हाताला उजनीच्या फुगवट्याचे पाणी अधूनमधून डोकावू लागते. पुढे थोड्याच अंतरावर डाळज लागते. नंबर एक, नंबर दोन, नंबर तीन अशी ही डाळजे आहेत. संध्याकाळी पाचच्या सुमारास आम्ही तिथे रस्त्याकडेला उभे होतो. शाळा सुटली होती आणि मुले सायकलींवरून घरी निघाली होती. एरवी आपण सायकली पाहतो, मुलांचे चेहरे पाहतो; त्या दिवशी आम्ही फक्त कपडे पाहायचे ठरवले.

मुलग्यांच्या फुलपँटी होत्या आणि बहुतेकांनी उजवा पाय पोटरीपर्यंत दुमडला होता. डावा मात्र तसाच. मुलींच्या अंगावर सलवार-कमीज. ओढणी दोन्ही खांद्यांवरून मागे नेऊन कमरेशी गाठ मारलेली. एक आजोबा धोतराचा सोगा कमरेला खोचून, अगदी संथपणे पायडल मारत गेले. एवढ्यात पुण्याच्या दिशेने दोन तरुण आले. बहुधा भिगवणचे पक्षी पाहून पुढे निघाले असावेत. त्यांच्या सायकली जाड टायरच्या, डोंगरी. मांड्यांना घट्ट चिकटलेल्या काळ्या चड्ड्या. पोरांमध्ये हशा पिकला. एकाने आम्हाला विचारले, "सर, हे लोक आतल्या चड्डीवरच का हिंडतात?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला तरी तसा नाही. त्याचे उत्तर शोधायला गेलो आणि आम्ही कुठल्या कुठे जाऊन पोचलो.

आधी त्या दुमडलेल्या उजव्या पायाचे पाहू. चेन उजव्या बाजूला असते, म्हणून उजवा पाय. चेनच्या तेलाचा डाग आणि चक्राच्या दात्यांत अडकलेले कापड हा सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव. त्यावर माणसाने दोन प्रकारचे उपाय केले. एक, कपडा बदलायचा: पायजम्याला चाप लावायचा, पँट मोज्यात खोचायची, धोतर आवरून नेसायचे. दुसरा, यंत्र बदलायचे: चेनवर पूर्ण झाकण बसवायचे, मागच्या चाकावर जाळी बसवायची, मधली दांडीच काढून टाकायची. सायकलच्या पोशाखाचा सगळा इतिहास म्हणजे या दोन उपायांची ओढाताण आहे. कोणाच्या वाट्याला कोणता उपाय आला, हे पाहण्यासारखे आहे.

आज आपण जी सायकल ओळखतो, म्हणजे दोन सारखी चाके, मध्ये पायडल आणि मागच्या चाकाला चेन, ती इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ साली 'रोव्हर' या नावाने बाजारात आणली. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर बनवला. त्याच १८८८ सालाशी आपल्याकडचेही एक नाव जोडलेले आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू यांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले. सायकल विकायची, दुरुस्त करायची आणि ती चालवायलाही शिकवायचे, असा तो व्यवसाय. पुढे नांगर आणि पंप बनवणाऱ्या उद्योगाचा आरंभ असा एका शिक्षकाच्या सायकलवेडातून झाला, हे आपल्या वाचकांना आवडेल.

युरोप-अमेरिकेत १८९०च्या दशकात सायकलची लाटच आली, आणि लगेच प्रश्न उभा राहिला तो बायकांच्या झग्यांचा. घोट्यापर्यंत लोंबणारा घेरदार झगा, त्याखाली परकरांचे थर. अशा पोशाखात मधल्या दांडीवरून पाय टाकणेच अशक्य. पहिला उपाय यंत्रावर झाला. दांडी खाली वाकवली आणि 'लेडीज सायकल' जन्माला आली.

यात एक किंमत मोजावी लागली, आणि ती वर्गात सहज दाखवता येते. आइस्क्रीमच्या तीन काड्यांना टोकांशी टाचण्या लावून त्रिकोण करा आणि चार काड्यांचा चौकोन करा. दोन्ही दाबून पाहा. चौकोन कलंडतो, त्रिकोण हलत नाही. जेंट्स सायकलच्या सांगाड्याचा मागचा भाग त्रिकोण आहे, पुढचा भागही जवळजवळ त्रिकोणच. वरची दांडी खाली आणली की पुढचा त्रिकोण मोडतो. मग तेवढीच मजबुती राखायला नळ्या जाड घ्याव्या लागतात. त्यात चेनचे झाकण आणि चाकावरची जाळी यांची भर. म्हणजे झगा तसाच ठेवण्याची सक्ती झाली आणि त्याचे ओझे बाईच्याच पायांवर पडले.

दुसरा उपाय कपड्याचा होता. अमेरिकेत १८५१ च्या सुमारास काही स्त्रियांनी आखूड झग्याखाली सैलसर, घोट्याशी आवळलेली विजार घालायला सुरुवात केली होती. अमेलिया ब्लूमर यांनी आपल्या मासिकातून तिचा पुरस्कार केला, म्हणून तिला 'ब्लूमर' नाव पडले. तेव्हा टिंगल इतकी झाली की काही वर्षांत तो पोशाख मागे पडला. चाळीस वर्षांनी सायकलने त्याला पुन्हा बाहेर काढले. १८९४ साली अ‍ॅनी लंडनडेरी नावाची बाई अमेरिकेतून सायकलवर जगप्रवासाला निघाली ती लांब झगा घालून, सुमारे १९ किलो वजनाच्या लेडीज सायकलवर. शिकागोला पोचेपर्यंत तिला कळून चुकले. तिथे तिने त्याच्या निम्म्या वजनाची पुरुषांची सायकल घेतली आणि झगा टाकून ब्लूमर चढवले.

याची सामाजिक किंमतही होती. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर १८९८ मध्ये लेडी हार्बर्टन सायकलवरून ऑकहॅम गावच्या एका हॉटेलात गेल्या. विजार घातलेल्या बाईला मालकिणीने कॉफीच्या दालनात बसू दिले नाही. दारूच्या गुत्त्याच्या बाजूच्या खोलीत बसा म्हणाली. सायकलस्वारांच्या संघटनेने खटला भरला. १८९९ मध्ये निकाल मालकिणीच्या बाजूने लागला. बसायला दुसरी खोली देऊ केली होती ना, मग नकार कुठे झाला, असा तो न्याय!

आता ब्लूमरचा मूळ आराखडा कुठला? पाश्चात्त्यांनी तो तुर्कस्तानातल्या बायकांच्या विजारीवरून उचलला. सैल मांड्या, आवळलेले घोटे. म्हणजे आपली सलवारच की. डाळजच्या रस्त्यावर आम्ही जे पाहिले तेच. पण सलवार महाराष्ट्राच्या गावांतल्या शाळकरी मुलींपर्यंत पोचायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली. त्याआधी इथे काय होते, ही गोष्ट जास्त रंजक आहे.

फॅनी पार्क्स या इंग्रज बाईने १८३५ साली फत्तेगडला ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांची भेट घेतली. बायजाबाई मूळच्या कागलच्या घाटग्यांच्या, घोड्यावर बसण्यात तरबेज. इंग्रज बायका घोड्यावर दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून, वाकड्या का बसतात, याचे त्यांना आणि त्यांच्या परिवारातल्या बायकांना मोठे कुतूहल. पार्क्सबाईंनी तसे बसून दाखवले तेव्हा तिथे खूप हशा झाला. मग त्यांनी स्वतः मराठी पद्धतीचे लुगडे नेसून, दोन बाजूंना दोन पाय टाकून घोडा चालवून पाहिला आणि तो प्रकार त्यांना फारच पसंत पडला. हे सगळे त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले आहे.

ध्यानात घ्या, हे ब्लूमरच्या सोळा वर्षे आधीचे. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. पण त्याचा काष्टा मागे खोचला की प्रत्येक पायाला वेगळे आवरण मिळते. शिवण एकही नाही, बटण नाही, आणि दोन्ही पाय मोकळे. शेतात वाकायला, गाडीत चढायला, घोड्यावर बसायला सोयीचे. लेडी हार्बर्टन ज्यासाठी कोर्टात गेल्या ते मराठी बाईच्या अंगावर आधीपासून होते. मग सायकल आपल्याकडे आल्यावर काष्ट्यातल्या बायका सर्रास सायकलवर का दिसल्या नाहीत?

आमच्या मते याची दोन कारणे आहेत. पहिले अगदी साधे. सायकल घरात एकच, आणि ती पुरुषाची. ती बाजाराला जाणार, दूध घालायला जाणार. काष्टा होता तिथे सायकल नव्हती. दुसरे कारण शहरातले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिकलेल्या घरांतल्या मुली नऊवारी सोडून पाचवारी-सहावारी गोल साडीकडे वळल्या. ती आधुनिक मानली गेली. सायकल विकत घेण्याची ऐपत याच घरांत होती. म्हणजे सायकल हातात आली तेव्हा काष्टा सुटला होता! पुण्यात मुली सहावारी साडी नेसून कॉलेजला सायकलवर जाऊ लागल्या त्या दांडी वाकवलेल्या, जाळी लावलेल्या लेडीज सायकलवर. इंग्रज झग्यासाठी केलेली तडजोड आपण साडीसाठी आयती उचलली.

मुलग्यांना हा घोळ नव्हता. खाकी हाफपँट घालून, तासाच्या भाड्याने सायकल घ्यायची, शीटवर पाय पुरत नाहीत म्हणून दांडीखालून पाय घालून अर्धे पायडल मारायचे, गुडघे फोडून घ्यायचे. आमच्या पिढीतल्या बहुतेक शिक्षकांनी हे केले असेल. शिक्षिकांनी किती जणींनी केले, हे एकदा शिक्षकखोलीत विचारून पाहा.

आता त्या काळ्या चड्डीकडे येऊ, कारण त्या मुलाला उत्तर द्यायचे राहिले आहे.

सायकलवर बसल्यावर वजन कुठे येते? ढुंगणात खाली दोन हाडांची टोके असतात. कठीण बाकावर तळहात ठेवून त्यावर बसा, ती हाताला टोचतील. ५० किलो वजनाच्या मुलाचे निम्मे वजन शीटवर आले असे धरू. उरलेले हात आणि पायडलवर. म्हणजे सुमारे २५० न्यूटन बल. टेकलेली जागा १०० चौरस सेंटिमीटर मानली तर दाब २५,००० पास्कल, म्हणजे पाऱ्याच्या भाषेत जवळजवळ १९० मिलिमीटर. आपल्या कातडीतल्या केशवाहिन्यांमधला दाब ३० मिलिमीटरच्या आसपास. शीट दुप्पट रुंद केले तरी दाब याच्या तिप्पट उरतो. दाबलेल्या जागी रक्त नीट पोचत नाही, म्हणून बधिरता येते. मुले चढावर पायडलवर उभी राहतात तेव्हा चढ चढतोच, शिवाय कातडीलाही विसावा मिळतो.

दुसरी गोष्ट घासण्याची. साध्या काळ्या सायकलच्या पुढच्या चक्राचे दाते ४४ आणि मागचे १८ असतील, तर एका पायडलफेऱ्यात चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. २८ इंची चाकाचा परीघ सव्वादोन मीटर धरला तर एका फेऱ्यात साधारण साडेपाच मीटर. पाच किलोमीटरवरच्या शाळेला जायला नऊशे फेरे, जाऊन-येऊन अठराशे. तेवढ्या वेळा मांडीची आतली बाजू कपड्यावर घासते. (दाते आपापल्या सायकलवर मोजून हे गणित मुलांनीच करावे, प्रत्येकाचे उत्तर वेगळे येईल.) घामाने ओलसर झालेली कातडी कोरड्या कातडीपेक्षा जास्त घासते. सुती कापड घाम शोषून धरून ठेवते, आणि घाम वाळला की मागे मिठाचे बारीक खडे राहतात. जीन्स पँटमध्ये तर दोन पायांच्या जाड, दुहेरी शिवणी नेमक्या बसायच्या जागी येऊन मिळतात. एक तास सायकल चालवणाऱ्याला ती गाठ चांगलीच ठाऊक असते.

शर्यतींत धावणाऱ्यांना हे फार आधी कळले. त्यांनी लोकरीची घट्ट चड्डी पत्करली, कारण सैल कापडाला चुण्या पडतात आणि चुणी घासते. बसायच्या जागी आतून शॅम्वा नावाच्या डोंगरी प्राण्याचे मऊ कातडे शिवले. हे कातडे धुतले की ताठ व्हायचे, मग त्याला मलम चोळून मऊ करावे लागे. काळा रंग तेलाचे डाग झाकायला सोयीचा. इंग्लंडमध्ये आणखी एक कारण होते. रस्त्यावरच्या शर्यतींना पोलिसांचा विरोध, म्हणून १८९५ नंतर वेळ लावून एकेकट्याने धावण्याच्या शर्यती सुरू झाल्या, आणि कोणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून स्पर्धकांनी मानेपासून घोट्यापर्यंत काळे कपडे घालायचे असा दंडक पडला. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी ताणले जाणारे नवे सूत तयार केले. लायक्रा हे त्याचे व्यापारी नाव. पुढे लोकरीची जागा त्याने घेतली आणि कातड्याची जागा कृत्रिम गादीने. या गादीच्या चड्डीखाली दुसरी चड्डी घालत नाहीत, कारण तिच्या शिवणी पुन्हा टोचणारच. तेव्हा मुलाने विचारले ते एका अर्थी खरेच होते. आतली म्हणावी ती हीच आणि बाहेरचीही हीच.

पण ती सडकेवरची चड्डी. डोंगराची गोष्ट वेगळी. डोंगरी सायकलचा जन्म कॅलिफोर्नियात टॅमलपैस डोंगरावर झाला. काही तरुण भंगारातल्या जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन कच्च्या उतारावरून सुसाट खाली येत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी 'रीपॅक' नावाची पहिली शर्यत घेतली. उतारात ब्रेक इतके तापत, की हबमधले ग्रीस जळून जाई आणि ते दर वेळी पुन्हा भरावे लागे. म्हणून हे नाव. त्यांच्या अंगावर काय होते? जीन्स पँटी, जाड सदरे आणि कामगारांचे बूट. बसून घासण्यापेक्षा पडून खरचटण्याची भीती मोठी होती, आणि उतारावर तसेही बसतो कोण?

१९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकल आली तेव्हा चढउतारांच्या लांब शर्यतीत पुन्हा घट्ट लायक्रा दिसली. निव्वळ उताराच्या शर्यतीत मात्र आंतरराष्ट्रीय नियमांनी असे चिकट कपडे घालू देत नाहीत. तिथे सैल पँट आणि गुडघ्याला ढालीसारखे पॅड. हौशी स्वारांनी मधला मार्ग काढला: आत गादीची घट्ट चड्डी, वरून न फाटणाऱ्या नायलॉनची सैल, गुडघा झाकणारी हाफपँट. आतली घासणे सांभाळते, वरची काटे सांभाळते. सह्याद्रीत करवंदीच्या जाळ्यांतून किंवा इंदापूरच्या माळावर वेड्या बाभळीतून सायकल नेणाऱ्याने वरची पूर्ण पायाची घ्यावी, असे आमचे मत. वेड्या बाभळीचा काटा टायरमधून आत जातो, तो नायलॉनला काय भीक घालणार. पण ओरखडे तरी चुकतील.

डाळजच्या मुलींना मात्र यातले काही लागत नाही, आणि याचे श्रेय शिंप्यांना आहे. सलवारीच्या मधल्या भागाला शिंपी आसन म्हणतात. तिथे वेगळा तुकडा घातलेला असतो, म्हणून पायांच्या शिवणी बसायच्या जागी एकत्र येत नाहीत, बाजूला सरकतात. घरी एखादी सलवार उलटी करून जीन्सशेजारी ठेवा, फरक लगेच दिसेल. घोट्याशी मोहरी अरुंद, म्हणून चेनचा प्रश्न मिटला. कापड जास्त असल्याने चुण्या पडतात खऱ्या, पण पाचसहा किलोमीटरला त्या जाचत नाहीत. धोका आहे तो ओढणीचा. मागच्या चाकात अडकली तर गळ्याला फास बसू शकतो. कमरेशी मारलेली ती गाठ कोणत्याही पुस्तकात न शिकवलेली पण अचूक अशी तजवीज आहे.

१९९१-९२ साली तमिळनाडूत पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. तिथे लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा बायकांनी जेंट्स सायकली घेतल्या, आणि नंतर तीच त्यांना जास्त आवडली, कारण मधल्या दांडीवर मूल बसवता येते. शंभर वर्षे जी दांडी काढून टाकण्यात गेली ती अशी उपयोगी पडली. बिहारमध्ये २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलसाठी पैसे देण्यात आले. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांच्या अभ्यासानुसार माध्यमिक शाळेतल्या मुलींच्या पटात त्यामुळे ३२ टक्के वाढ झाली.

हे सांगण्याचे कारण एका शाळेचा अनुभव. नाव सांगत नाही. तिथे गणवेश बदलायचे ठरले आणि कोणाच्या तरी मनात आले, की मुलींना स्कर्ट द्यावा, शहरातल्यासारखा छान दिसेल. जून उजाडला. सायकलच्या मांडवात मुलींच्या सायकली निम्म्या झाल्या. काही जणी चालत येऊ लागल्या, काही वाडीवरच्या जीपची वाट पाहत उशिरा पोचू लागल्या, दोघी दिवाळीनंतर आल्याच नाहीत. मुख्याध्यापकांच्या बैठकीत पालकांची उदासीनता, शेतीची कामे, लवकर होणारी लग्ने अशी कारणे निघाली. ती खोटी नव्हती. पण शिवणकाम शिकवणाऱ्या बाई शेवटी म्हणाल्या, "अहो सर, स्कर्ट घालून तुम्हीच एकदा दांडीवरून पाय टाकून दाखवा." पुढच्या वर्षी सलवार परत आली. त्या दोन मुली मात्र परत आल्या नाहीत.

डाळजला आम्ही उभे होतो तिथे अंधार पडू लागला तसे मोठ्या गाड्यांचे दिवे लागले. शेवटची सायकल गेली ती एका आठवीतल्या मुलीची, मागे कॅरियरवर धाकटा भाऊ. जेंट्स सायकल होती. ओढणीची गाठ भावाने पाठीमागून घट्ट धरून ठेवली होती.